शेवटचा डबा : दिवे, धूर आणि एक प्रश्न

खेळण्याचे परीक्षण विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असे काही शिक्षकमित्रांना वाटेल. पुस्तकाचे परीक्षण करताना आपण दोन गोष्टी पाहतो. लेखकाने सांगितले ते खरे आहे का, आणि वाचणाऱ्याला त्यातून काही उलगडते का. हेच दोन प्रश्न खेळण्यालाही विचारता येतात. ते खेळणे स्वतःला 'हुबेहूब' म्हणवून घेत असेल, तर विचारलेच पाहिजेत.

गेल्या दिवाळीत अमेरिकेत राहणारा माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला आला, तेव्हा त्याने एक जड खोके आणले. आत खेळण्यातल्या आगगाडीचे इंजिन, तीन-चार मालडबे, रूळ आणि शेवटचा एक लाल डबा होता. या शेवटच्या डब्याला अमेरिकेत 'कॅबूज' म्हणतात. त्याच्या खिडक्यांत दिवे लागतात, मागे तांबडे कंदील लागतात आणि छपरावरच्या चिमणीतून चक्क धूर निघतो. भाच्याने एकट्या डब्याची किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत एका वर्गाला पुरतील इतके मल्टिमीटर येतील! म्हणूनच हा डबा पैशाला जागतो का, हे नीट तपासावे असे ठरवले. रोज संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेतले.

कॅबूज म्हणजे काय?

आपल्या वाचकांना 'गार्डचा डबा' किंवा 'ब्रेकव्हॅन' म्हटले की चटकन कळेल. मालगाडीच्या शेवटी जोडलेला, दोन्ही टोकांना उघडा ओटा असलेला, हातब्रेकचे चाक असलेला छोटा डबा आपण सर्वांनी पाहिला आहे. गार्डचे पदनाम २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' झाले, तरी बोलताना आपण गार्डच म्हणतो.

अमेरिकन कॅबूज याचाच भाऊबंद, पण थोडा ऐसपैस. तिकडच्या थंडीमुळे त्यात कोळशाची शेगडी असे. तिच्यावर ऊब मिळे, कॉफी होई, जेवणही शिजे. चिमणी आहे ती या शेगडीची. छतावर काचेची एक उंच खोली असे. तिथे बसून कर्मचारी पुढच्या डब्यांवर नजर ठेवीत. एखाद्या आसाचे बेअरिंग तापून धूर येऊ लागला की तो आधी त्यांना दिसे. १९८० च्या दशकात तिथल्या रेल्वे कंपन्यांनी कॅबूज झपाट्याने काढून टाकले. त्यांच्या जागी शेवटच्या डब्याला एक पेटी लावली जाऊ लागली. ती ब्रेकच्या नळीतला दाब मोजून रेडिओने इंजिनाला कळवते आणि तिच्यावर तांबडा दिवा लुकलुकतो. म्हणजे माणसे गेली, शेगडी गेली, पण तांबडा दिवा राहिला. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

मापे जुळतात का?

डबा १:४८ या प्रमाणात बनवला आहे. सहा फुटी माणूस या जगात दीड इंचाचा, म्हणजे सुमारे ३.८ सेंटिमीटरचा होतो. ओट्यावर उभी असलेली गार्डची बाहुली आम्ही पट्टीने मोजली, ती बरोबर निघाली. खिडक्या, पायऱ्या, ब्रेकचे चाक यांचीही मापे पटण्याजोगी आहेत.

चूक सापडली ती रुळांत. या आकाराच्या खेळण्यांच्या रुळांतले अंतर सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर असते. त्याला ४८ ने गुणा. उत्तर येते ६० इंच, बरोबर पाच फूट किंवा १५२४ मिलिमीटर. अमेरिकेतला खरा रूळमार्ग मात्र १४३५ मिलिमीटरचा आहे. खेळण्याचा रूळ प्रमाणापेक्षा ८९ मिलिमीटरने रुंद झाला! आमच्या मुलांनी मग आपल्या मार्गांचा हिशेब केला. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ती या प्रमाणात सुमारे ३५ मिलिमीटर होईल. मीटरगेज २१ मिलिमीटरच्या जवळ येईल. गुणोत्तर आणि प्रमाण शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ मध्ये सुरू झालेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय काही वाचकांनी पाहिले असेल. तिथल्या गाड्या १:८७ प्रमाणाच्या आहेत. त्या प्रमाणाच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते. १६.५ गुणिले ८७ करून पाहा. १४३५.५ येतात, म्हणजे इथे हिशेब जवळजवळ अचूक बसतो. सहल नेणार असाल तर मुलांच्या खिशात एक पट्टी आणि हा गुणाकार असू द्या.

रुळांची आणखी एक गंमत आहे. आमच्या खेळण्याला दोन नव्हे, तीन रूळ आहेत. मधल्या रुळातून वीज येते, बाहेरच्या दोन रुळांतून परत जाते. डब्याखालचा छोटा रूळफिरता लोळा मधल्या रुळाला टेकलेला असतो. खऱ्या रेल्वेशी हे जुळत नाही, पण मंडल कसे पूर्ण होते ते मुलांना एका दृष्टिक्षेपात दिसते. ही चूक मी माफ करतो.

एक सूचना मात्र इथेच देतो. अमेरिकेतले ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. पिन बसते म्हणून थेट जोडला तर तो जळेल. व्होल्टेज उतरवून घेतले तरी कमी वारंवारतेमुळे त्याचा गाभा अधिक तापतो. तो सतत चालू ठेवू नये आणि त्याला मुलांच्या हाती देऊ नये.

दिवे

खोलीतला दिवा मालवून गाडी सुरू केली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून 'अहाहा' निघाले. खिडक्यांतून पिवळसर प्रकाश, मागे दोन तांबडे ठिपके. दृश्य सुंदर आहे, यात वाद नाही. पण पाच मिनिटांनी डोळे सरावले आणि दोष दिसू लागले.

पहिला दोष, सांध्यांवर दिवे लुकलुकतात. रुळावर धूळ असली की लोळ्याचा संपर्क क्षणभर सुटतो. उपाय साधा आहे. वीज एकदिश करून एक कपॅसिटर जोडायचा. हिशेब पाहा. एलईडीला १० मिलिअँपिअर धारा लागते असे धरू. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे व्होल्टेज ५ व्होल्टने उतरेपर्यंत तो ही धारा अर्धा सेकंद पुरवतो. सांधा ओलांडायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. काही रुपयांचा हा भाग निर्मात्याने का वाचवला, कळत नाही.

दुसरा दोष, डब्याच्या प्लॅस्टिकमधून प्रकाश झिरपतो. दिवा लागला की खिडकीबरोबर भिंतही निखाऱ्यासारखी उजळते. आम्ही आतून काळ्या कागदाचे अस्तर लावले, आणि डबा एकदम खरा दिसू लागला. पारभासी आणि अपारदर्शक यांतला फरक मुलांना असा हाताने शिकता आला.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. मागचे कंदील चारही बाजूंनी तांबडे दिसतात. खऱ्या कंदिलाला दिशा असते. आपल्याकडे मालगाडीच्या ब्रेकव्हॅनच्या बाजूचे दिवे मागे तांबडे आणि पुढे, इंजिनाकडे, पांढरे दिसण्याची पद्धत आहे. वळणावर ड्रायव्हरने मागे वळून पाहिले आणि पांढरे दिवे दिसले, म्हणजे गाडी शेवटापर्यंत सोबत आहे. अमेरिकेतल्या जुन्या कंदिलांतही मागे तांबडी आणि पुढे व बाजूला बहुधा हिरवी किंवा पिवळी काच असे. रंग शोभेसाठी नव्हता, तो एक निरोप होता. खेळण्याने रंग घेतला, निरोप सोडून दिला.

धूर

आता धुराकडे वळू. चिमणीत चार-पाच थेंब तेल टाकायचे. आत कापसासारख्या तंतूंत गुंडाळलेला एक रोध असतो. त्यातून वीज गेली की तो तापतो, तेलाची वाफ होते. बाहेरच्या थंड हवेत येताच वाफेचे बारीक थेंब बनतात आणि एक छोटा पंखा ते वर ढकलतो. खेळण्यातल्या धुराची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९४६ मध्ये दिव्याच्या उष्णतेवर एक रासायनिक गोळी तापवून इंजिनातून धूर काढला होता. पुढच्याच वर्षी दिव्याची जागा तापणाऱ्या तारेने घेतली.

पण हा धूर खरोखर धूर आहे का? आम्ही एक सोपी चाचणी केली. थंड स्टीलची वाटी क्षणभर मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, तर काजळी धरली. दुसरी वाटी चिमणीवर धरली, तर नुसता तेलकट ओलावा आला, काळे काहीच नाही. म्हणजे खेळण्यातून निघते ते धुके आहे. कोळशाच्या धुरात अर्धवट जळलेल्या कार्बनचे कण असतात. इथे काही जळतच नाही, फक्त वाफ होते आणि पुन्हा थेंब होतात. अवस्थांतर आणि ज्वलन यांतला फरक शिकवताना ही दोन वाट्यांची चाचणी जरूर करा. मेणबत्ती आणि थंड वाटी तर प्रत्येक शाळेत मिळेल. तेलाच्या धुक्याऐवजी उकळत्या पाण्याची वाफ चालेल.

पंख्याची गरज का पडली, हा आणखी चांगला प्रश्न आहे. खऱ्या चिमणीला पंखा लागत नाही. आतली गरम हवा हलकी, बाहेरची जड. या फरकामुळे जो ओढा तयार होतो, तो चिमणीच्या उंचीच्या प्रमाणात असतो. तापमान तेच ठेवून उंची ४८ पट कमी केली, तर ओढाही ४८ पट कमी होतो. शिवाय अरुंद नळीत हवेची चिकटण अधिक जाणवते. म्हणून छोटी चिमणी आपली आपण ओढत नाही. लांबी-रुंदी लहान करता येते, पण हवा, तेलाचे थेंब आणि गुरुत्वाकर्षण काही लहान होत नाहीत. खेळण्यातला धूर नेहमी जाड आणि घाईघाईचा दिसतो, त्याचे एक कारण हेच. या ठिकाणी निर्मात्याला दोष देता येत नाही.

सावधगिरीचे दोन शब्द. बंद खोलीत तेलाचे बारीक धुके श्वासात जाणे चांगले नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला दूर बसवा. तेल संपले असता रोध चालू ठेवला, तर तंतू जळतात. घरातले दुसरे कोणतेही तेल त्यात घालू नये.

एक प्रश्न

तिसऱ्या दिवशी गाडी 'स्टेशनात' थांबवली. माझ्याकडच्या साध्या नियंत्रकाने गाडी थांबवायची, म्हणजे रुळांवरचे व्होल्टेज शून्यावर आणायचे. गाडी थांबली. खिडक्या काळोख्या झाल्या, धूर विरला. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, गाडी थांबली की गार्डची शेगडीपण विझते का?"

सगळे हसले. मी मात्र हसू शकलो नाही, कारण साऱ्या परीक्षणाचा निकाल त्या एका प्रश्नात होता.

रोधातली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १८ व्होल्टऐवजी ९ व्होल्ट दिले, तर उष्णता चौथा हिस्सा उरते. म्हणून या डब्यात गाडी धावली तरच शेगडी पेटते, वेगात धावली तर भडकते, हळू झाली की विझते. खऱ्या डब्यात शेगडीचा आणि वेगाचा काडीइतकाही संबंध नसतो. शेगडीचे एक वेळ सोडून देऊ. तांबड्या दिव्याचे काय?

आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड राहतात. मुले त्यांना काका म्हणतात. मनमाडहून इथून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बांधला, तो मीटरगेज होता. आपल्या भागात १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. काकांच्या नोकरीची पहिली वर्षे त्या मीटरगेजच्या मालगाड्यांवर गेली. मुलांनी त्यांना गाडी पाहायला बोलावले. धुराकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. गाडी थांबली, दिवे गेले, तसे ते म्हणाले, "हे चुकलं. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला दिवा जास्त लागतो रे. धावणारी गाडी मागच्या गाडीपासून लांब तरी जात असते."

मग त्यांनी मुलांना समजावले. आगगाडी मोटारीसारखी समोर दिसले की थांबत नाही. लोखंडावर लोखंड घसरते, थांबायला शेकडो मीटर लागतात. म्हणून दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, असा नियम केला. गाडी पूर्ण आली की नाही, हे स्टेशनमास्तरला कसे कळायचे? शेवटच्या डब्याची खूण पाहून. दिवसा पाटी, रात्री तांबडा दिवा. ती खूण दिसली नाही, तर जोडणी तुटून काही डबे मागे राहिले असतील, असे धरायचे आणि मागच्या गाडीला सोडायचे नाही. आता बऱ्याच ठिकाणी रुळावरची उपकरणे आत गेलेले आणि बाहेर आलेले आस मोजतात. तत्त्व तेच आहे. गेले तेवढे आले का?

आणि गाडी मध्येच अडकली तर? काका म्हणाले, "मग गार्डानं खाली उतरायचं आणि मागं चालत जायचं." ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बांधायचे. येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली ते वाजले की ड्रायव्हर सावध होतो.

मुलांनी लगेच भागाकार केला. १२०० भागिले ४८ म्हणजे २५ मीटर. आमची खोली साडेचार मीटरची. सगळी वरात गल्लीत गेली. डबा एका टोकाला ठेवला आणि टेपने २५ मीटर मोजत ती मुलगी चालत निघाली. वाण्याच्या दुकानापुढे जाऊन तिने खडूने तीन रेघा मारल्या. मागे वळून पाहिले, तर तो लाल डबा नखाएवढा दिसत होता. "एवढ्या लांब? अंधारात, एकट्यानं?" तिने काकांना विचारले. काका नुसते हसले. थांबण्याचे अंतर हा धडा मी अनेक वर्षे फळ्यावर शिकवला आहे. तो इतका नीट मुलांना त्या दिवशीच कळला.

निकाल

आता हिशेब मांडू. बांधणी उत्तम, मापे बहुतांशी बरोबर, धुराची योजना कल्पक. लुकलुकणे आणि झिरपणारा प्रकाश हे दोष घरी दुरुस्त होतात. पण उभ्या गाडीचा शेपटीचा दिवा विझणे हा दोष क्षम्य नाही. कारण हा डबा ज्या कामासाठी अस्तित्वात आला, तेच काम तो इथे विसरतो. यावर उपाय नाही असे नाही. रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज ठेवून इंजिनाला वेगळे आदेश देणारी महाग नियंत्रणे मिळतात. त्याहून स्वस्त उपायही आहे. व्होल्टेज पाचवर आणून एक फॅरडचा कपॅसिटर जोडला, तर १० मिलिअँपिअर घेणारा तांबडा एलईडी व्होल्टेज पाचवरून तीनवर येईपर्यंत सुमारे २०० सेकंद तेवत राहतो. तीन मिनिटांहून अधिक! स्टेशनातल्या थांब्याला तेवढे पुरे. धुरासाठी पंखा बसवणाऱ्याला हे सुचायला हरकत नव्हती. धूर दुकानात चटकन नजरेत भरतो आणि उभ्या गाडीचा दिवा कुणी तपासत नाही, हेच त्याचे कारण असावे.

शाळेने हा डबा विकत घ्यावा का? माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. कुणाच्या घरी परदेशातून आलेला असेल, तर एक दिवस वर्गात जरूर मागवा, आणि त्याच्या गुणांइतकेच दोष मुलांकडून शोधून घ्या. नाही मिळाला तरी अडत नाही. बुटाचे पुठ्ठ्याचे खोके, एक तांबडा एलईडी, दीड व्होल्टचे दोन सेल आणि १०० ओहमचा रोध एवढे सामान घ्या. तीन व्होल्टमधून एलईडीचे सुमारे दोन वजा केले की एक व्होल्ट उरतो, आणि धारा १० मिलिअँपिअर होते. खोक्याच्या पुढच्या बाजूला प्रकाश जाणार नाही अशी काळ्या कागदाची आडभिंत घाला.

आमच्या मुलांनी असा डबा एका संध्याकाळी बनवला. त्यातून धूर निघत नाही, त्याला खिडक्याही रंगवलेल्या आहेत. तो खेळण्यातल्या मालगाडीमागे दोऱ्याने बांधला, गाडी थांबवली आणि खोलीतला दिवा मालवला. अमेरिकन डबा काळोखात दिसेनासा झाला. त्याच्या मागे आमच्या खोक्याचा तांबडा दिवा तसाच लागलेला होता.

आपल्या वर्गात हा प्रयोग झाला आणि मुलांनी आणखी काही दोष किंवा उपाय शोधले, तर जरूर लिहून कळवा.